दूरस्थ शाखांचा मागोवा : चिखला येथील साधनांच्या निमित्तानें

१. विषयाचें प्रयोजन

अस्सल कोठें आहे, नक्कल कोणती, आणि ती नक्कल केव्हां उतरून घेतली, हे तीन प्रश्न इतिहाससंशोधकानें कोणताही कागद हातीं घेतांच विचारावयाचे असतात. पहिल्या दोहोंची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. तिसऱ्या प्रश्नाकडे मात्र सहसा दुर्लक्ष होतें. एका ठिकाणच्या संशोधकानें दुसऱ्या ठिकाणच्या यादीची, वाचनाची किंवा संपादित मजकुराची नक्कल आणली, म्हणून तिकडचें काम थांबत नाहीं. तिकडे नवे कागद सांपडतात, मित्या जुळतात, वाचनें सुधारतात. इकडची नक्कल मात्र ज्या दिवशीं उतरली त्या दिवसाचीच राहते. पुढें दोन्हीकडे काम चालूं राहिलें म्हणजे एका मुळापासून दोन शाखा फुटतात, आणि कांहीं वर्षांनीं त्यांपैकीं कोणती कोठवर आली आहे हें सांगणें कोणासही साधत नाहीं.

संगणकावरील मजकुराच्या बाबतींत हाच प्रश्न प्रोग्राम लिहिणारांपुढें उभा राहिला, आणि त्यांनीं त्यावर एक व्यवस्था काढली. तिचें नांव गिट. लिनक्स या संगणक-प्रणालीचे कर्ते लिनस टॉरवाल्ड्स यांनीं ती २००५ च्या एप्रिल महिन्यांत निर्माण केली. लिनक्सचें काम देशोदेशींचे शेंकडों लोक करीत असत. त्या कामासाठीं ते पूर्वीं जी व्यवस्था वापरीत, तिचा विनामूल्य वापर तिच्या मालकांनीं बंद केला, हें तिच्या जन्माचें तात्कालिक कारण होय. तिच्यांत दूरच्या शाखांचा मागोवा ठेवण्याची जी रीत आहे ती काय आहे, व साधनें गोळा करणाऱ्या संशोधकांस तिचा उपयोग कोणता, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे. नुसतें तत्त्व सांगितल्यास विषय कोरडा होईल. म्हणून भंडारा जिल्ह्यांतील चिखला या गांवाच्या साधनांचें उदाहरण आम्हीं घेतलें आहे.

२. चिखला व त्याची साधनें

चिखला हें तुमसर तालुक्यांतील गांव. तुमसराहून उत्तरेस तिरोडीकडे जो लोहमार्ग जातो त्याच्या परिसरांत, मध्यप्रदेशच्या सीमेच्या बाजूस तें आहे. त्याची बाहेर जी प्रसिद्धि आहे ती मँगनीजच्या खाणीमुळें. १८९६ सालीं विलायतेंत सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या नांवाची कंपनी निघाली. तिचेंच पुढें सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी असें नामांतर झालें. ता. २२ जून १९६२ रोजीं मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड ही कंपनी स्थापन होऊन या भागांतील खाणी तिच्याकडे आल्या. १९७७ सालीं ती पूर्णपणें सरकारी मालकीची झाली, आणि २०१० पासून तिचें नांव मॉईल लिमिटेड असें आहे. तिचें मुख्य ठाणें नागपुरास आहे.

खाणीच्या धन्याप्रमाणें मुलखाचेही धनी बदलत गेले. १८५३ सालीं तिसरे रघूजी भोसले निवर्तल्यावर नागपूरचें राज्य खालसा झालें. १८६१ सालीं मध्यप्रांत बनला. १८६७ सालीं भंडारा जिल्ह्याचा कांहीं भाग तोडून तो नव्या बालाघाट जिल्ह्यांत घातला गेला. १९५० सालीं प्रांताचें मध्यप्रदेश झालें, ता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं भंडारा जिल्हा मुंबई राज्यांत आला, आणि ता. १ मे १९६० पासून तो महाराष्ट्रांत आहे. शेवटीं ता. १ मे १९९९ रोजीं त्यांतून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. म्हणजे रसेल यांनीं संपादिलेल्या १९०८ च्या गॅझेटियरांतील 'भंडारा जिल्हा', महाराष्ट्र शासनानें १९७९ सालीं प्रसिद्ध केलेल्या गॅझेटियरांतील 'भंडारा जिल्हा', आणि आजचा भंडारा जिल्हा यांचें नांव एक असलें तरी क्षेत्र एक नाहीं. एकाच नांवाखालीं निरनिराळा ऐवज असणें म्हणजे काय, याचा हा ठळक दाखला होय.

भूस्तरशास्त्राच्या बाजूचें मोठें साधन म्हणजे लुइस ली फर्मर यांचा हिंदुस्थानांतील मँगनीजच्या साठ्यांविषयींचा ग्रंथ. तो भूगर्भशास्त्रीय खात्यानें १९०९ सालीं आपल्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध केला. मँगनीजयुक्त गार्नेट व गार यांच्या बनलेल्या येथील खडकास फर्मर यांनीं गोंड लोकांच्या नांवावरून 'गोंडाइट' हें नांव दिलें, व तें शास्त्रांत रूढ झालें.

या निरनिराळ्या कागदांत गांवाचें नांवही एकसारखें येत नाहीं. गांवकरी व मराठी कागद 'चिखला' म्हणतात. खाणीच्या इंग्रजी कागदांत महाप्राण गळून 'चिकला' असें रूप येतें, आणि मॉईलच्या लेखनांत आजही खाणीचें नांव असेंच आहे. ज्यास हा भेद ठाऊक नाहीं, तो एका रूपानें शोध करील व दुसऱ्या रूपाखालचे सर्व कागद त्याच्या नजरेआड राहतील. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

३. गिटची घडण

गिटमध्यें ज्यास रिपॉझिटरी म्हणतात त्यास आपण दप्तर म्हणूं. या दप्तरांत मजकुराचें केवळ आजचें रूप नसून त्याचा आरंभापासूनचा इतिहास असतो. काम करणारानें आपल्या बदलांचा एक टप्पा पुरा केला म्हणजे तो त्याची नोंद करतो; या नोंदीस कमिट म्हणतात. नोंदींत त्या क्षणीं सर्व मजकूर कसा होता, बदल कोणीं केला, केव्हां केला, कां केला, आणि तत्पूर्वीची नोंद कोणती, इतक्या गोष्टी असतात.

प्रत्येक नोंदीस तिच्यांतील ऐवजावरून गणितानें काढलेली एक अंकमुद्रा असते. प्रचलित रीतीनें ती चाळीस अक्षरांची येते. ही मुद्रा काढतांना आधींच्या नोंदीची मुद्राही हिशोबांत धरलेली असते. त्यामुळें मागच्या एखाद्या नोंदींत कोणीं एक अक्षर फिरविलें, तर तिची मुद्रा बदलते, तिच्यापुढील नोंदीची बदलते, आणि याप्रमाणें शेवटपर्यंत सर्व मुद्रा बदलतात. जुन्या पत्रांच्या शेवटीं मोर्तब असे, तें मजकूर येथें संपला, याखालीं कोणीं कांहीं वाढवूं नये, हें दाखविण्यासाठीं. गिटची मुद्रा याहून एक पाऊल पुढें जाते : ती खालची जागा बंद करते, शिवाय वरचा सर्व मजकूर व त्यामागील सर्व पत्रेंही बांधून टाकते.

शाखा म्हणजे काय, हें आतां सहज समजेल. नोंदींच्या माळेंतील एका नोंदीवर ठेवलेली, नांव असलेली खूण म्हणजे शाखा. शाखेवर नवी नोंद झाली कीं खूण एक घर पुढें सरकते. एकाच नोंदीपासून दोघांनीं दोन निरनिराळ्या नोंदी केल्या, तर तेथून माळेस दोन फांटे फुटतात.

गिटचें मुख्य वैशिष्ट्य असें कीं, प्रत्येक काम करणाराजवळ पुरें दप्तर असतें. दूरच्या दप्तराची पहिली नक्कल करण्याच्या क्रियेस क्लोन म्हणतात. ती सामान्यतः सबंध इतिहासासकट उतरते. ज्या दप्तरावरून ती उतरली, त्यास नव्या दप्तरांत रिमोट, म्हणजे दूरस्थ, असें म्हणतात, आणि दुसरें नांव न दिल्यास त्यास 'ओरिजिन' हें नांव मिळतें. क्लोन झाल्यावर जाळें तुटलें तरी अडत नाहीं. घरीं बसून वाचतां येतें, ताडतां येतें, नोंदी करतां येतात. खेड्यांतील संशोधकास ही सोय मोठी आहे. परंतु याच सोयीच्या पोटीं नकलेचा जुना धोका पुन्हां येतो.

४. तीन निराळ्या वस्तु

दूरस्थ शाखेविषयीं बोलतांना तीन वस्तूंचा घोटाळा नेहमीं होतो. त्या वेगळ्या करून दाखविल्या म्हणजे निम्मा विषय संपला.

पहिली वस्तु, खुद्द दूरची शाखा. समजा, नागपुरास एका संशोधन-संस्थेनें चिखल्याच्या साधनांचें दप्तर ठेवलें आहे, व त्यांत 'मुख्य' नांवाची शाखा आहे. ती नागपुरास आहे. तेथील लोक तिच्यांत रोज भर घालतात. चिखल्यास बसलेल्या माणसास ती प्रत्यक्ष दिसत नाहीं.

दुसरी वस्तु, त्या शाखेची चिखल्याच्या दप्तरांतील खूण. तिचें नांव 'ओरिजिन/मुख्य'. आम्ही तिला मागोवा-खूण म्हणूं. शेवटच्या भेटींत नागपूरची 'मुख्य' शाखा ज्या नोंदीवर होती, ती नोंद ही खूण दाखविते. ती हातानें पुढें सरकवावयाची नसते व तिच्यावर आपलें काम करावयाचें नसतें. नागपुराशीं संपर्क होईल तेव्हांच ती सरकते.

तिसरी वस्तु, चिखल्याच्या संशोधकाची स्वतःची 'मुख्य' शाखा. तिच्यावर तो काम करतो. ती 'ओरिजिन/मुख्य' हिच्या मागें चालते असें दप्तरास सांगून ठेवलेलें असतें. म्हणून तिला अनुगामी शाखा म्हणावें. जिच्या मागें ती चालते तिला गिटच्या परिभाषेंत अपस्ट्रीम, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाची, म्हणतात. क्लोन करतांना मुख्य शाखेपुरतें हें नातें आपोआप जुळतें. दूरच्या दुसऱ्या एखाद्या शाखेवर, उदाहरणार्थ 'खाण' नांवाच्या शाखेवर, काम करावयाचें असल्यास 'गिट स्विच खाण' अशी आज्ञा द्यावी. त्या नांवाची आपली शाखा नसेल व तें नांव एकाच दूरस्थ दप्तरांत असेल, तर गिट आपली शाखा निर्माण करून तिचें नातें जोडून देतें. आपण घरीं काढलेली शाखा प्रथमच दूर पाठवावयाची असेल, तर पुश या आज्ञेस 'सेट-अपस्ट्रीम' हा पर्याय जोडावा, म्हणजे पाठवणी होऊन नातेंही जुळतें.

दूरच्या दप्तरांतील नव्या नोंदी आणून मागोवा-खुणा सरकविण्याच्या क्रियेस फेच म्हणतात. फेच केल्यानें आपल्या स्वतःच्या शाखेंत एक अक्षरही बदलत नाहीं. दूरचा कागद आणून आपल्या मेजावर, परंतु आपल्या लेखापासून वेगळा ठेवावा, तसेंच हें आहे. आणलेला मजकूर आपल्या शाखेंत मिसळण्याची क्रिया निराळी, ती मर्ज. पुल नांवाच्या आज्ञेंत सामान्यतः या दोन्ही क्रिया लागोपाठ होतात. पुल सोईची आहे. परंतु जेथें पाठाचा प्रश्न आहे तेथें आधीं फेच, मग ताडणें, मग मिसळणें, हा क्रम आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटतो.

आतां मुख्य मुद्दा. काम करतांना 'गिट स्टेटस' ही आज्ञा दिली असतां, आपली शाखा 'ओरिजिन/मुख्य' हिच्याशीं जुळलेली आहे, असें उत्तर येऊं शकतें. नवशिका यावरून समजतो कीं, आपण नागपुराशीं जुळलेले आहों. तें खरें नाहीं. गिटनें दुसऱ्या व तिसऱ्या वस्तूंची तुलना करून उत्तर दिलेलें असतें. पहिलीकडे त्यानें पाहिलेलेंही नसतें. शेवटची फेच तीन महिन्यांपूर्वीं झाली असल्यास तें उत्तर तीन महिन्यांपूर्वींच्या नागपुरास धरून असतें. दूरस्थ शाखेची आपल्याजवळची खूण म्हणजे त्या शाखेचें शेवटचें पाहिलेलें रूप. तिची आजची स्थिति नव्हे. सर्व विषयाचें सार या एका वाक्यांत आहे.

५. उदाहरण

वरील कल्पित दप्तराचेंच उदाहरण पुढें चालवूं. चिखल्याच्या संशोधकानें पावसाळ्याच्या आरंभीं फेच केली. तेथून पुढें त्यानें तीन नोंदी केल्या : एकींत गांवांतील वस्त्यांच्या नांवांची यादी वाढविली, दुसरींत खाणीच्या इंग्रजी कागदांच्या उताऱ्यांतील 'चिकला' हें रूप चुकीचें समजून सर्वत्र 'चिखला' केलें, तिसरींत सूचि सुधारली. त्याच अवधींत नागपुरास पांच नोंदी झाल्या, व त्यांपैकीं एकींत त्याच इंग्रजी उताऱ्यांस, कागदांत आहे तसेंच 'चिकला' हें रूप कायम ठेवून, टीपा जोडल्या गेल्या.

दसऱ्यास चिखल्यांत 'गिट स्टेटस' दिलें, तर उत्तर येईल कीं आपली शाखा तीन नोंदींनीं पुढें आहे. मागें असल्याचा उल्लेखही येणार नाहीं, कारण मागोवा-खूण अजून पावसाळ्याच्या आरंभावरच आहे. फेच केल्यावर तीच आज्ञा सांगेल कीं दोन्ही शाखा फांकल्या आहेत. आपण तीन नोंदींनीं पुढें व पांच नोंदींनीं मागें आहों. दोन्ही उत्तरें आपापल्या वेळीं बरोबर होतीं. वाचणारास वेळेचें भान असलें पाहिजे, इतकेंच.

येथें संशोधकानें आपल्या तीन नोंदी नागपुरास पाठविण्याचा प्रयत्न केला तर गिट त्यास अडवील, कारण तसें केल्यास तिकडच्या पांच नोंदी शाखेबाहेर पडतील. म्हणून प्रथम आपल्या शाखेची मागोवा-खुणेशीं तुलना करावी. बदल एकाच ओळींत दोन्हीकडून झाला असेल, तर मर्ज करतांना गिट विरोध दाखवून थांबतें आणि निर्णय माणसावर सोंपवितें. निर्णय कसा करावा हें गिट सांगत नाहीं. तें संशोधनशास्त्राचें काम आहे. प्रस्तुत ठिकाणीं निर्णय उघड आहे. उताऱ्यांत कागदाचेंच रूप राहिलें पाहिजे, कारण तो कागदाचा साक्षीदार आहे. 'चिखला' हें गांवचें रूप सूचींत मुख्य नोंद म्हणून यावें, आणि 'चिकला' याखालीं 'चिखला पाहा' अशी खूण असावी. दोन्ही बाजूंच्या श्रमाचें चीज होतें व एकही रूप नष्ट होत नाहीं. याच्या उलट, न पाहतां एकानें दुसऱ्यावर आपली प्रत लादली असती, तर ज्या रूपानें खाणीचे कागद सांपडतात तेंच रूप दप्तरांतून पुसलें गेलें असतें, व पुढील शोध करणारास तें कधीं होतें हेंही कळलें नसतें.

गिटमध्यें एकाहून अधिक दूरस्थ दप्तरेंही जोडतां येतात. नागपुराप्रमाणेंच पुण्यासही या दप्तराची एक वाढती प्रत असेल, तर 'नागपूर/मुख्य' व 'पुणें/मुख्य' अशा दोन मागोवा-खुणा चिखल्यास राहतील. नांवाचा पूर्वार्ध स्थळ सांगतो, उत्तरार्ध शाखा सांगतो. त्यामुळें एकाच नांवाच्या दोन शाखांची गल्लत होत नाहीं. भंडारा जिल्ह्याच्या नांवाविषयीं वर जें सांगितलें, त्यासही हाच उपाय आहे : नांवाबरोबर कोणत्या सालचा व कोणत्या राज्यांतील जिल्हा, हें लिहिलें कीं घोटाळा मिटतो.

६. पूर्वपरंपरा : महाभारताची संशोधित आवृत्ति

ही रीत संगणकाबरोबर आली, परंतु तिच्या मागची गरज आपल्या विद्वानांनीं फार पूर्वीं ओळखली होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या संशोधित आवृत्तीचें काम ता. १ एप्रिल १९१९ रोजीं आरंभिलें. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे त्याचे मुख्य संपादक होते. पोथ्या देशभर पसरलेल्या, लिप्या निरनिराळ्या. सर्व पोथ्या पुण्यास आणणें अशक्य. म्हणून बंगाली लिपींतील पोथ्यांच्या रुजुवातीसाठीं शांतिनिकेतनांत विश्वभारतीमध्यें, व दाक्षिणात्य लिप्यांतील पोथ्यांसाठीं तंजावरास सरस्वती महालांत केंद्रें चालविलीं गेलीं. श्लोकाश्लोकाचे रुजुवात-कागद ठरल्या नमुन्यावर भरले जात : आधाराचा पाठ वर, व त्याखालीं प्रत्येक पोथीचा पाठभेद ज्याच्या त्याच्या ओळींत. हे कागद पुण्यास येत, आणि मगच संपादक पाठ ठरवीत.

या व्यवस्थेंत फेच व मर्ज यांचा भेद स्पष्ट दिसतो. तंजावरचा पाठ पुण्यास पोंचला म्हणजे तो संशोधित पाठांत शिरत नसे. तो आपल्या संकेताक्षराखालीं आपल्या ओळींत राही. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम् यांस निरनिराळीं संकेताक्षरें होतीं, आणि पाठ स्वीकारला किंवा टाकला तरी तळटीपेंत त्याची ओळख कायम राही. मागोवा-खुणेच्या नांवाचा पूर्वार्ध जें काम करतो, तेंच हें संकेताक्षर करीत असे.

एक भेद मात्र सांगितला पाहिजे. गिटच्या नोंदींत तिची पूर्वज नोंद लिहिलेली असते. दोन शाखा मिसळल्या तर मिसळीच्या नोंदींत दोन्ही पूर्वज लिहिलेले असतात. पोथी लिहिणारानें असें कांहीं लिहून ठेवलेलें नसतें. त्यानें एक पोथी समोर ठेवून लिहिलें, मधूनच दुसरीवरून कांहीं श्लोक घेतले, तिसरीवरून समासांत पाठ टिपले, आणि पुढच्या लेखकानें समासांतले पाठ पोटांत घातले. महाभारताच्या पोथ्यांचा वंशवृक्ष काढणें जें इतकें बिकट झालें, त्याचें मोठें कारण हे नोंद न केलेले संकर होत. नोंद करून मिसळलेलें पुढें वेगळें करतां येतें. नोंद न करतां मिसळलेलें वेगळें करण्यास एका विद्वानाचा जन्म पुरत नाहीं.

मागोव्याच्या दृष्टीनें या कार्यांतील सर्वांत बोधप्रद प्रसंग आदिपर्वाचा आहे. आदिपर्वाची आवृत्ति १९३३ सालीं पुरी झाली. त्यानंतर नेपाळचे राजगुरु हेमराज पंडित यांच्याकडून त्याच पर्वाची एक फार जुनी पोथी उजेडांत आली. छापून झालेल्या ग्रंथास नव्या साक्षीपुढें उभें करण्याचें कारण नव्हतें असें कोणी म्हणालें असतें. परंतु सुकथनकरांनीं त्या पोथीचे पाठ आपल्या छापील पाठाशीं ताडले व त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. उत्तरेकडील पोथ्यांतील जे श्लोक त्यांनीं प्रक्षिप्त म्हणून वगळले होते, त्यांतील पुष्कळ त्या पोथींतही नव्हते, असें दिसून आलें. दूरची शाखा उशिरा हातीं आली, तिनें निर्णयास दुजोरा दिला; न दिला असता तरी ती ताडून पाहणें तितकेंच आवश्यक होतें. संपूर्ण आवृत्ति १९६६ सालीं पुरी होईपर्यंत सुमारें साडेबाराशें पोथ्यांचा उपयोग झाला. सुकथनकर स्वतः ता. २१ जानेवारी १९४३ रोजीं निवर्तले होते. त्यांच्यामागें डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर व नंतर डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांस तें काम चालवितां आलें, याचें श्रेय बऱ्याच अंशीं कोणता पाठ कोठून आला याच्या नोंदींस आहे.

७. सावधगिरीच्या कांहीं गोष्टी

मागोवा ठेवण्याच्या रीतींत तीन धोके आहेत. ते सांगितल्यावांचून विवेचन पुरें होणार नाहीं.

पहिला, दूरची शाखा नाहींशी होणें. नागपूरच्या लोकांनीं 'खाण' शाखा काढून टाकली, तरी चिखल्याची मागोवा-खूण तशीच राहते. फेचला 'प्रून', म्हणजे छाटणी, असा पर्याय जोडला तर ती खूणही छाटली जाते. छाटणी केल्यानें दप्तर स्वच्छ राहतें. परंतु संशोधकानें ती करण्यापूर्वीं त्या खुणेवर आपली स्वतःची शाखा काढून ठेवावी. मूळ ठिकाणीं नष्ट झालेल्या कागदाची कदाचित् तीच एकमेव नक्कल असेल.

दुसरा, दूरच्या इतिहासाचें पुनर्लेखन. पुशला 'फोर्स', म्हणजे जबरदस्ती, असा पर्याय जोडून जुन्या नोंदींच्या जागीं नव्या बसवितां येतात. पुढील फेचच्या वेळीं मागोवा-खूण सरळ पुढें न जातां उडी मारते, व गिट ती उडी जबरदस्तीची असल्याचें कळवितें. तो इशारा वाचल्यावांचून सोडूं नये. खूण पूर्वीं कोठें होती याची बारनिशी गिट आपल्याच दप्तरांत कांहीं काळ ठेवतें. तिला रेफलॉग म्हणतात. ही बारनिशी कायमची नसते, व दुसऱ्या दप्तरास जातही नाहीं. म्हणून शंका येतांच जुन्या नोंदीवर शाखा काढून ती जपावी. आपण होऊन सामाईक शाखेवर जबरदस्ती करूं नये, हें तर सांगावयास नकोच.

तिसरा धोका यंत्राचा नसून समजुतीचा आहे. अंकमुद्रा जुळली म्हणजे ती नोंद अक्षरशः तीच आहे असें ठरतें. त्यांतील मजकूर खरा आहे असें ठरत नाहीं. उताऱ्यांत चुकीची मित्ती पडली असेल, तर गिट ती चूक अत्यंत निष्ठेनें सर्व प्रतींत पोंचवील. अस्सलाशीं रुजुवात करण्याचें काम पूर्वीं होतें तसेंच आजही माणसाचें आहे.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून साधनसंग्राहकांनीं पाळण्याजोगे चार नियम निघतात. दूरच्या दप्तराविषयीं कांहीं विधान करण्यापूर्वीं फेच करावी, व लेखांत त्या फेचची तारीख आणि नोंदीची मुद्रा द्यावी. आणलेलें व आपलें वेगळें ठेवून, ताडून मगच मिसळावें. मिसळीच्या नोंदींत काय घेतलें, काय टाकलें व कां, हें शब्दांत लिहावें. आणि कागदाचें मूळ रूप, तें कितीही चमत्कारिक दिसलें तरी, उताऱ्यांतून बदलूं नये. सुधारणा सूचींत किंवा टीपेंत करावी. गिट न वापरणाऱ्या संशोधकासही हे नियम लागू पडतात; वहींत नक्कल उतरणारानें समासांत तारीख व अस्सलाचें ठिकाण लिहिलें, तरी अर्धा मागोवा राहतो.

चिखल्यासारख्या गांवांचा इतिहास एका दप्तरांत सांपडावयाचा नाहीं. शंभर-सव्वाशें वर्षांत त्याचें राज्य, त्याच्या जिल्ह्याची सीमा, त्याच्या खाणीची मालकी, इतकेंच काय पण त्याच्या नांवाचें लेखनही बदललें. नागपूर, मुंबई, कलकत्ता, विलायत अशा ठिकठिकाणच्या कचेऱ्यांनीं आपापल्या कामापुरतें त्याच्याविषयीं लिहिलें, आणि खुद्द गांवांत तर लिहिलेल्याहून सांगितलेलेंच अधिक. खाणींत उतरलेल्या पिढ्यांच्या आठवणी, वस्त्यांचीं व शेतांचीं नांवें, ही साधनांची स्थानिक शाखा आहे, आणि ती उतरून घेण्याचें काम चिखल्यासच होणार. नागपुराहून किंवा पुण्याहून तें होणार नाहीं. तेव्हां दूरच्या शाखांचा मागोवा ठेवावा तो आपली शाखा सोडून देण्यासाठीं नव्हे. आपली शाखा कोठें उभी आहे व तिकडच्यांस ठाऊक नसलेलें असें तिच्यांत काय आहे, हें कळावें यासाठीं तो ठेवावयाचा. तीन नोंदींनीं पुढें व पांच नोंदींनीं मागें, हें उत्तर ज्यास नीट वाचतां आलें, त्यास आपण काय द्यावयाचें व काय घ्यावयाचें हें दोन्ही कळलें. अशा स्थानिक दप्तरांची जोडणी जिल्ह्याजिल्ह्यांतून होवो, अशी इच्छा प्रदर्शित करून हा लेख पुरा करतों.